स्टीलच्या ग्लासातली बिअर

माझी बिअर स्टीलच्या ग्लासातून द्यायची पद्धत माझ्या मैत्रिणीनं पाडली. ग्लास तिचेच होते. तिच्या लग्नात आहेर आलेले, अंगावर देणाऱ्यांची नावं कोरलेली, दर खेपेला नागपूरहून बॅगेतून थोडे थोडे करत अमेरिकेत, आमच्या श्रूजबरी गावापर्यंत पोचलेले. उन्हाळा आला की आमच्यात कुणाचे ना कुणाचे आईवडील सहा महिन्यांसाठी यायचे. त्यांच्यासमोर कुणाच्या हातात बाटली दिसता कामा नये, म्हणून आमच्या पार्ट्यांमध्ये बिअर ग्लासात ओतून फिरायची. कुणी विचारलंच तर कोकमाचं सरबत. चाळिशीला आलेली, कर्ज काढून घरं घेतलेली माणसं आईवडिलांसमोर मिशीवरचा फेस पुसत ‘सरबत’ म्हणायची. मला तेव्हाही ते पटत नव्हतं. पण ती इतक्या मजेत हे सगळं करायची की मीही हसून सोडून द्यायचे.

मी अमेरिकेत आले ती २००१ साली, नवऱ्याच्या व्हिसावर. त्याला नोकरी होती आणि मला ती करायची परवानगी नव्हती. कागदोपत्री मी ‘अवलंबून असलेली व्यक्ती’ होते. हे वाचून मला जो राग आला तो पुढे कित्येक वर्षं उतरला नाही. सांगलीत मायक्रोबायॉलॉजी शिकवत होते मी. तिथे पोरं माझ्या आवाजाला टरकायची, आणि इथे मी दुपारी पडदे धुवायला काढत होते. नवरा स्वभावानं गरीब. तो म्हणायचा, “तू काहीतरी छंद लाव ना स्वतःला.” मग एक दिवस शेजारच्या वूस्टर शहरात घरच्या घरी बिअर करायचं सामान विकणारं एक दुकान दिसलं. दुकानदार यीस्टबद्दल काहीतरी चुकीचं सांगत होता. मी त्याची चूक दुरुस्त केली आणि घरी येताना सगळं सामान घेऊन आले. यीस्ट म्हणजे माझ्या घरचीच बाब होती.

पहिल्या बिअरला उकडलेल्या कोबीचा वास आला. मी चिडले, कारण सगळी भांडी मी प्रयोगशाळेसारखी निर्जंतुक केली होती. चूक कुठे झाली हे कळायला आणखी एक पातेलं वाया जावं लागलं. उकळताना मी वर झाकण ठेवत होते. गॅस वाया जाऊ नये म्हणून झाकण ठेवायचं, हे आईनं माझ्या हाडात भिनवलेलं. बिअरमध्ये मात्र तो वास वाफेबरोबर बाहेर जाऊ द्यायचा असतो. झाकण काढलं आणि तिसरी बिअर अशी झाली की नवऱ्यानं ग्लास पुन्हा पुढे केला. गाळून उरलेला धान्याचा चोथा टाकवेना, म्हणून त्यात भाजणी मिसळून मी थालीपिठं लावली. तीही छान लागली.

घरी केलेली बिअर विकता येत नाही, पण वाटता येते. आणि आमची मंडळी कधी नाही म्हणायची नाहीत. मी आमसुलं घालून एक बिअर केली. फिकट गुलाबी, जराशी आंबट, शेवटी मिठाचा अगदी पुसट स्पर्श. तिनं गाव वेडं केलं. शनिवारी आमच्या गराजमध्ये पुरुष जमायचे, बायका आत असायच्या आणि थोड्या वेळानं त्याही ‘गराजमधून बर्फ आणते गं’ म्हणत यायच्या. सगळे म्हणायचे, तू पब काढ, आम्ही रोज येऊ. मी ते मनावर घेत नव्हते.

मनावर घेतलं ते मैत्रिणीनं. ती माझ्या आधी दहा वर्षं इथे आलेली, विमा कंपनीत नोकरी करणारी, अमेरिकन नागरिक झालेली. बोलायला पटाईत, रागवायला मंद, आणि चिकनला सावजी मसाला लावण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. तिनं एका जुन्या लोखंडी पिंपाला मधोमध कापून, बिजागऱ्या लावून धूर देण्याची भट्टी करून घेतली. जवळच्या बागेत सफरचंदाच्या झाडांची छाटणी झाली की फांद्या फुकट मिळायच्या. त्या लाकडाच्या धुरावर तिचं सावजी चिकन चार-पाच तास मुरायचं, आणि त्याच्याबरोबर माझी आमसुलाची बिअर. एका रविवारी आम्ही दोघी तिच्या अंगणात हाडं चोखत बसलो होतो आणि ती म्हणाली,

“यार, हे आपण विकायला पाहिजे. सीरियसली. तुझी बिअर, माझं बार्बेक्यू.”

“माझ्याकडे अजून वर्क परमिट नाही.”

“येईल ना कधीतरी. तोपर्यंत आपण प्लॅन करू. माझ्यावर सोड.”

माझ्यावर सोड. हे वाक्य तिनं मला इतक्या वेळा ऐकवलं की शेवटी मी खरंच सगळं तिच्यावर सोडलं.

त्या वर्षी उन्हाळ्यात तिचे सासरे आले होते. सासूबाई आधीच गेलेल्या, त्यामुळे ते एकटेच यायचे. जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेले, शिस्तीचे, पांढऱ्या स्वच्छ शर्टाचे काका. ती त्यांना फार घाबरायची. त्यांच्यासाठी खऱ्या कोकम सरबताचा वेगळा जग भरून ठेवलेला असायचा. एकदा गर्दीत त्यांनी चुकून टेबलावरचा दुसराच ग्लास उचलला आणि आम्ही बघेपर्यंत अर्धा संपवला. मैत्रीण पांढरीफटक. काका म्हणाले, “छान आहे. आणखी आहे काय?” मी धावत जाऊन त्यांच्या जगमधलं खरं सरबत आणून दिलं. त्यांनी एक घोट घेतला, ग्लास खाली ठेवला आणि म्हणाले, “मघाचं जास्त चांगलं होतं.” ते पुढे गेल्यावर आम्ही दोघी किचनमध्ये जाऊन पोट धरून हसलो.

ग्रीन कार्ड २००६ मध्ये आलं. मी त्याच आठवड्यात तिला फोन केला. पुढचं वर्ष माझ्या आयुष्यातलं सगळ्यात दमवणारं आणि सगळ्यात सुखाचं होतं, हे मला आजही नाकारता येत नाही. श्रूजबरीपासून थोडं पुढे, एका लहान गावात मोठ्या रस्त्याला लागून एक जुनं घर होतं. मागे दगडी पायाची वेगळी शेड. आम्ही आमचं घर विकून ते घेतलं. वर आम्ही राहणार, शेडमध्ये बिअर, खालच्या दोन खोल्यांत पब, अंगणात तिची भट्टी. पैसा बेताचा, म्हणून सगळं जुनं जमवलं. एक शेतकरी गाई विकून टाकत होता, त्याची दूध थंड ठेवायची स्टीलची टाकी आणली. बंद पडलेल्या चर्चचे बाक आणले. बोलिंग खेळायच्या जागेची उखडलेली लाकडी पट्टी काउंटर म्हणून बसवली. तिच्यावरचे नेम धरण्यासाठी रंगवलेले बाण पुसले नाहीत, ते मला आवडायचे. माझा नवरा, ज्यानं आयुष्यात भिंतीत खिळा ठोकला नव्हता, गुडघ्यांवर बसून फरशा घासायला शिकला.

मैत्रीण रोज संध्याकाळी ऑफिसमधून थेट यायची. मेन्यू तिचा, भिंतींचा रंग तिचा, दारावरची पाटी कशी असावी हेही तिनंच ठरवलं. तिचे स्टीलचे ग्लासही तिनं आणून फळीवर मांडले. “हीच आपली स्टाइल,” ती म्हणाली. “लोक विचारतील, हे काय आहे? आपण सांगू, स्टोरी आहे.” मला ते आवडलं. वाटलं, जे लपवायला वापरत होतो ते आता समोर मांडतो आहोत. मूर्ख होते मी.

बिअर करायची परवानगी मिळाली, पण तिथेच ग्लासात ओतून विकायची तर गावाचा परवाना लागत होता. त्यावर जबाबदार माणूस म्हणून अमेरिकन नागरिकाचं नाव द्यावं लागणार होतं. मी नागरिक नव्हते, नवरा नव्हता. पब काढणाऱ्या आम्हा तिघांत नागरिक ती एकटीच. तिनं सही केली तेव्हा मी थोडी भावूक झाले होते, तर ती मला म्हणाली, “अगं, एवढं काय त्यात? पब आपलाच आहे ना.”

परवान्याआधी गावाच्या कार्यालयात जाहीर सुनावणी असते. परवाना देणाऱ्या मंडळाचे लोक पुढे बसतात, अर्जदार उभा राहून सांगतो, शेजारीपाजारी येऊन बाजूनं किंवा विरोधात बोलतात. आमची सुनावणी मार्चमध्ये होती. बर्फ पडला आणि ती पुढे गेली. मग पुन्हा काहीतरी होऊन आणखी पुढे. होता होता मे उजाडला, आणि मेमध्ये काका आले.

मैत्रिणीचा चेहरा उतरलेला मला दिसत होता. मी म्हटलं, “सांगून टाक त्यांना. आता उद्योग आहे हा आपला. लाज वाटण्यासारखं काय आहे त्यात?”

“सांगेन गं. हिअरिंग होऊन जाऊ दे. एकदा लायसन्स हातात आलं की सांगते. माझ्यावर सोड.”

सुनावणीच्या संध्याकाळी मी आईनं दिलेली इरकल नेसले होते. नवरा म्हणाला, इंटरव्ह्यूचे कपडे घाल. मी म्हटलं, मी नोकरी मागायला जात नाहीये. गराजमधली सगळी मंडळी येतो म्हणाली होती. बाजूनं बोलणारे जितके जास्त तितकं चांगलं, असं आम्हाला सांगितलं गेलं होतं. कुणाचा ऑफिसचा कॉल आला, कुणाच्या मुलाची मॅच निघाली, एकाकडे सत्यनारायण होता. एकही जण आला नाही. माझ्याकडची बिअर कित्येक वर्षं फुकट प्यायलेली माणसं, त्यातल्या एकालाही तासभर खुर्चीवर येऊन बसता आलं नाही. राग येत होता, पण मी स्वतःला म्हटलं, ती आहे ना.

ती आली. तिचा नवरा आला. आणि त्यांच्या मागून, पांढरा शर्ट, हातात छत्री, काका आले. सून कुणा मैत्रिणीच्या हॉटेलच्या परवानगीसाठी चालली आहे एवढंच त्यांना घरी कळलं होतं. इथली ग्रामसभा कशी चालते ते बघायचं म्हणून ते हट्टानं निघाले होते. मला बघून त्यांनी मान हलवली. मैत्रिणीनं माझ्याकडे पाहिलं नाही. मी माझ्या शेजारी तिच्यासाठी खुर्ची धरून ठेवली होती. ती मागच्या रांगेत सासऱ्यांजवळ जाऊन बसली.

मी बोलले, आणि चांगलं बोलले. धुराबद्दल एका शेजाऱ्यानं विचारलं, गाड्या कुठे लावणार असं एका बाईनं विचारलं, मी दोघांना नकाशा दाखवला. मंडळाच्या अध्यक्षबाई वयस्कर, चष्मा नाकावर घसरलेला, एकूण प्रसन्न वाटत होत्या. त्यांनी कागद चाळला, मैत्रिणीचं नाव वाचलं आणि विचारलं, या इथे आहेत का? जबाबदारी त्यांच्यावर असेल, तर दोन शब्द त्यांच्याकडून ऐकायला आवडतील.

मी मागे वळले. ती उभी राहिली होती. काका तिच्याकडे मान वर करून बघत होते. ती इंग्रजीत म्हणाली की तिचा या व्यवसायाशी संबंध नाही. ओळखीखातर तिनं सही दिली होती, ती आता नाव काढून घेते आहे. “मी कधीतरी तिला स्वयंपाकात मदत करते, इतकंच,” असं म्हणून ती खाली बसली. इतक्या साध्या आवाजात बोलली ती, जणू काही विम्याचा हप्ता चुकल्याचं कुणाला फोनवर सांगत होती.

मी तिचं नाव घेऊन तिला मराठीत विचारलं, “काय बोलते आहेस तू?” साऱ्या खोलीसमोर. तिनं पर्समध्ये काहीतरी शोधायला सुरुवात केली. अध्यक्षबाईंनी मला सांभाळून सांगितलं की मग आज पुढे जाता येणार नाही, दुसरं नाव घेऊन पुन्हा या. दुसरं नाव कुणाचं आणणार होते मी? जे नागरिक होते ते सत्यनारायणाला बसले होते. पुढच्या आठवड्यात मी त्यांना फोन केले. प्रत्येकाला बिअर आवडायची आणि प्रत्येकाला वाटत होतं की कागदावर नाव नको. एकजण तर म्हणाला, “वहिनी, इंडियात कळलं तर उगाच इश्यू होईल.”

तिच्या फोनची मी वाट पाहत राहिले. रागानं वेडी झाले होते, तरी वाट पाहत होते, हे सांगायला मला कमीपणा वाटत नाही. ती रडेल, मी ओरडेन, मग काहीतरी मार्ग निघेल, अशी माझी समजूत. फोन आला नाही. तिचा नवरा आला, खाली मान घालून, हातात रिकामं खोकं. “ती म्हणाली, तिचे ग्लास...” मी स्वतः एकेक ग्लास वर्तमानपत्रात गुंडाळून खोक्यात भरला. तिच्या आत्यानं दिलेले, मामानं दिलेले, सगळ्यांची नावं वाचत वाचत. माझ्या नवऱ्यानं खोकं गाडीपर्यंत नेऊन दिलं. त्या दिवशी मी पहिल्यांदा रडले.

उन्हाळाभर शेडमध्ये टाकीत बिअर होती आणि ती विकायची सोय नव्हती. लोकांना बोलवावंसं वाटत नव्हतं. आपल्याच चार माणसांच्या जिवावर पब काढायला निघाले, हा माझा भाबडेपणा, असं नवरा एकदा म्हणाला आणि मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही. बरोबर होतं त्याचं, म्हणूनच बोलले नाही.

सप्टेंबरमध्ये एका सकाळी दारात काका उभे. त्या आठवड्यात ते परत जायचे होते. मुलगा दुकानात गेला आहे, तोवर इथे सोड म्हटलं त्याला, असं म्हणाले. मी त्यांना अंगणातल्या चर्चच्या बाकावर बसवलं. समोर रस्ता, बाजूला गंजायला लागलेली भट्टी. काकांची नजर शेडकडे गेली.

“ते सरबत आहे काय अजून?” त्यांनी विचारलं.

“कोणतं, काका?”

“मघाचं जास्त चांगलं होतं म्हटलं होतं मी. ते.”

ते हसले. “कोकमच्या सरबताला फेस येत नाही, बेटा. पूर्ण नोकरी तालुक्यात फिरण्यात गेली माझी. मला का समजत नाही काय? आमच्या घरात सगळे घेतात. मी समजून राहिलो होतो, आणि पोरांना वाटते बाबांना माहीत नाही. वाटू दे म्हटलं. त्यांचाही मान राहते, आपलाही.”

“मग त्या दिवशी तुम्ही तिथे होतात, काका. ती उठली तेव्हा तुम्ही तिच्या शेजारी होतात.”

“होतो ना.”

“एक शब्द बोलला असतात तरी पुरलं असतं.”

त्यांनी छत्रीची मूठ चाचपली. “चार लोकांसमोर कसं बोलायचं? सूनबाईनं माझ्यासाठी एवढं केलं, आणि मी म्हणायचं, मला चालते? तिचं काय राहिलं असतं मग? तू तिला सांगू नको हं, मी आलो होतो म्हणून.”

माझ्या डोक्यात काहीतरी तडकलं. तिनं मला बुडवलं ते ज्या गुपितासाठी, ते गुपित नव्हतंच. आणि आता ते गुपित सांभाळायचं कामही माझ्याकडेच आलं होतं. मला तिच्याबद्दल जितका राग होता तेवढाच या स्वच्छ शर्टाच्या माणसाबद्दल आला. तिला निदान भीती होती. यांना तर तीही नव्हती.

मी उठले. शेडमध्ये गेले. पबसाठी घेतलेल्या काचेच्या उंच ग्लासांपैकी एक धुतला, टाकीतून आमसुलाची बिअर भरली. गुलाबी रंग, वर बोटभर फेस. ती बाहेर आणून त्यांच्यासमोर, रस्त्याच्या बाजूला, उन्हात ठेवली. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक गाडीला दिसेल अशी.

काकांनी ग्लासाकडे बघितलं. मग रस्त्याकडे. मग माझ्याकडे.

“स्टीलचा ग्लास नाही काय?” त्यांनी हळूच विचारलं.

“ते तुमच्या घरी आहेत,” मी म्हटलं.

ते बसून राहिले. हात एकदा पुढे आला आणि पुन्हा छत्रीवर गेला. फेस बसत गेला. मुलाची गाडी वळणावर दिसली तसे ते उठले, “निघतो बेटा, पॅकिंग राहिलं आहे” म्हणाले आणि फाटकापर्यंत स्वतःच चालत गेले.

मी बाकावर बसले, त्यांची गाडी दिसेनाशी होईपर्यंत. मग तो ग्लास उचलला आणि रस्त्याकडे तोंड करून शेवटपर्यंत प्यायले. त्या टाकीतली ती मी पहिल्यांदाच चाखत होते. त्या वर्षीची बिअर आजवरची सगळ्यात उत्तम जमली होती, आणि मला त्याचंच सगळ्यात जास्त वाईट वाटलं.